आईची जेवणाची वही

घरात आम्ही दोघंच. आई, आणि लग्नाच्या बाजारात न खपलेला मी. आईच्या छातीत धडधडायला लागलं, तेव्हा तिला आमच्या कापडे गावाहून महाडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं आणि सांगितलं, "आजी, आठवडाभर जे जे खाल ते वहीत लिहा."

मला त्यांनी समजावलं, की आतड्यात जंतूंचा मोठा संसार असतो. मटण, अंडी पोटात गेली की हे जंतू त्यातून एक पदार्थ बनवतात, तो यकृतात बदलून रक्तात उतरतो. उतारवयात तो फार सापडला तर हृदयविकाराचा धोकाही जास्त दिसतो. मी लगेच पोटावर हात ठेवून जंतूंना दटावलं.

आठवड्याने गेलो. चौथी पास आईने वही कोर्टात पुरावा द्यावा तशी पुढे केली. सोमवारी तीन अंडी. बुधवारी मटण, पुन्हा मटण. रविवारी कोंबडी. बाईंनी 'मटण, अंडी पूर्ण बंद' असं लिहायला घेतलं आणि रिपोर्ट पाहून थांबल्या.

"तो पदार्थ तर जवळजवळ नाहीच. आणि रक्त किती कमी! वही खरी की रिपोर्ट?"

मी वहीत डोकावलो. तीन अंडी, पुन्हा मटण... अरे, हा तर माझाच पराक्रम!

"आई, हे तर मी खाल्लंय!"

"मंग? घरात जा काय शिजला, ता ल्हिवला."

"आणि तू काय खाल्लंस?"

"पेज नि सुकी मिरची. ता काय ल्हिवायचा? डाक्टरीन काय म्हनंल, पोरगा आयशीला उपाशी ठेवतो?"

"आणि मटण?"

"तुझा झाल्यावर उरला तर खाते. तू उरवतोस कुठं रे!"

बाई खो खो हसल्या. मग हसू आवरून त्यांनी लिहिलेलं खोडलं. "धडधड अशक्तपणाची दिसते. अंडी बंद केली असती, तर बिचारीचं काही खरं नव्हतं. रोज एक अंडं, पोटभर जेवण. आणि तुम्ही बाह्या वर करा, आता तुमचं रक्त!"

दुसऱ्या दिवशी दुपारी अंड्याचा रस्सा मी केला. पहिलं ताट आईपुढे ठेवलं. ती हात लावीना.

"तू पयला जेव."

"नाय," मी म्हणालो.

"जेव गपचूप."

"नाय म्हणजे नाय!"

शेवटी तिने ताट उचललं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मुलाच्या आधी जेवायची तिला लाज वाटत होती. मग मीही तिच्याकडे पाठ केली.

भात कालवल्याचा आवाज आला. मग मागून ऐकू आलं, "मीठ कमी झालाय रे."