न चाखलेली कुड्याची साल

सैन्यात मी अहवाल लिहिले, लेख कधी नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला, तोही पेन्शन सुरू झाल्यावर. त्यामुळे वाचकांनी आधीच माफ करावं.

गेल्या महिन्यात औषधी वनस्पतींच्या प्रॅक्टिकलला पांढऱ्या कुड्याची साल होती. अर्कात रसायनाचे थेंब टाकले, तांबूस साका बसला. मॅडम म्हणाल्या, "हे अल्कलॉइड. यातलं मुख्य कोनेसीन. आमांशावर ही साल देतात ती त्याच्यामुळे."

शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, लिहून घ्या ना. वायव्हाला विचारतात." मी पेन खाली ठेवलं.

मी सैन्यात असतानाची गोष्ट. जंगलातल्या सरावाचा तो सहावा दिवस. आम्ही आठ जण. ओढ्याचं पाणी बाधून तिघांना रक्ताची हगवण लागली. ओआरएस संपलं. सकाळी आठला मी वायरलेस सेटवर अँब्युलन्स मागितली. उत्तर आलं,

"नाल्याला पूर आहे. सोळाशेच्या आधी शक्य नाही. ओव्हर." सोळाशे म्हणजे दुपारचे चार.

तिघांत लान्स नायक भिवा जास्त खालावलेला. मुळशीकडचा, झाडपाला जाणणारा. म्हणाला, "कुडा हाय हितं. पांढरा आण. काळ्यालाबी चीक असतो, फसशील. साल चाखल्याबिगर सोलू नगंस. कडूजहर लागली तरच आपली."

मी सहा दिवस नीट झोपलो नव्हतो. पान तोडलं, चीक दिसला, साल सोलली. चाखली नाही. उकळून काढा तिघांना दिला.

भिवाने एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "काय रं, चहा केलास व्हय? कडू कुठाय?"

अकरा वाजले होते. मी पुन्हा निघालो. पांढरा कुडा सापडून काढा होईपर्यंत दोन वाजले. बाकी दोघांच्या पोटात तो टिकला. भिवाच्या टिकला नाही.

चारला अँब्युलन्स आली. स्ट्रेचरवरून भिवाने विचारलं, "दुसऱ्यांदा तरी चाखलीस न्हवं?"

"हो."

"मंग झालं."

ते तीन तास त्याला नडले का, हे डॉक्टरांना विचारायचं मला आजवर धाडस झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात दहाला सेट माझ्याकडेच होता. निरोप आला. नियमाप्रमाणे तो मी शब्दशः परत म्हणून दाखवला, "दोघे स्थिर. लान्स नायक भिवा पाच चाळीसला मृत. ओव्हर."