सीलबंद डब्याचं बूड

इतकी वर्षं झाली, पण त्या डब्याची आठवण निघाली की आजही माझं डोकं तापतं. सत्तर सालानंतरची गोष्ट. मी वडूजला जमादार होतो. शिक्षण चौथीपर्यंत, पण पंचनामा माझ्यासारखा तालुक्यात कुणी लिहीत नव्हतं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

एक बागायतदार ठाण्यात आला. त्याचा ट्रक आटपाडीच्या रस्त्यावर भर उन्हात बंद पडला होता. इंजिन जाम. गॅरेजच्या मिस्त्रीनं इंजिन खोललं, तर आत जळकं, काळं ऑइल. मिस्त्री म्हणाला, मी चाळीस नंबरचं नवं ऑइल दिलं होतं, ते ड्रायव्हरनं विकलं आणि जुन्यावरच गाडी हाकली. झालं! मालकानं ट्रकच्या अड्ड्यावर सगळ्यांदेखत ड्रायव्हरला चोर म्हटलं आणि कॉलर धरून आमच्यापुढं उभं केलं.

ड्रायव्हर मिल्ट्रीतून आलेला. बौद्धवाड्यातला. आमचे फौजदारसाहेब म्हणाले, "जमादार, उघड केस आहे. जबाब घ्या आणि आत टाका." चोरीचा शिक्का बसला असता तर लायसन्स गेलं असतं आणि जिल्ह्यात कुणी त्याला बैलगाडीसुद्धा दिली नसती.

मी जबाब घ्यायला बसलो.

"ऑइल कुणी भरलं रं?"

"मिस्त्रीनं. मला सीलबंद डबा दावला. मी भाकरी खायाला गेलो, तवर त्यानं भरलं बी."

"मग बघितलं न्हाईस?"

"इंजिनातली ऑइल मापायची काडी काढून बघितली की. काळं दिसलं. मिस्त्री म्हनला, जुना गाळ मिसळतोय, दोन दिसांत साफ हुतंय. म्या इस्वास ठेवला, ही माजी चूक."

"आन् रिकामा डबा?"

"तितंच टाकला, बुडाला खिळा मारून."

"खिळा कशाला?"

"आवं जमादार, मिल्ट्रीत शिकवलंय. रिकामा डबा भोक पाडल्याबिगर सोडायचा न्हाई. कोनबी कायबी भरून इकतंय."

मी पेन खाली ठेवलं. भोकाचा डबा गॅरेजात सापडला तर डबा तिथंच रिकामा झाला, ड्रायव्हरनं ऑइल विकलं नाही, हे सिद्ध होणार होतं. स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि गॅरेजात गेलो. भंगाराचा ढीग उपसला. भोकाचा डबा एकही नाही.

मिस्त्री दात काढून म्हणाला, "जमादारसाहेब, चोराचं ऐकून हात काळं करून घेतलं न्हवं? घ्या साबन."

त्या 'साबना'नं माझं डोकं फिरलं. तो हसला नसता तर मी कदाचित परत फिरलो असतो. समोरच्या फळीवर विक्रीचे सीलबंद डबे ओळीनं मांडलेले होते. मी एकेक पालथा करत गेलो. सहावा की सातवा डबा. बुडाला खिळ्याएवढं भोक, वरून कथिलाचा डाग देऊन बुजवलेलं. तोंडाला सील मात्र नवंकोरं.

"हे काय रं?"

"कंपनीतनंच तसं आलंय."

"कंपनी तुज्या मामाची हाय व्हय, फुटक्या डब्यात माल भरायला?"

पंचांसमोर सील फोडलं. आत जळकं ऑइल, फडक्यातून गाळलेलं. डबा मुद्देमाल म्हणून लाख लावून ताब्यात घेतला. ठाण्यात आल्यावर मिस्त्री तासाभरात बोलला. लोकांचं काढलेलं ऑइल तो गाळायचा, रिकाम्या डब्यांत भरायचा आणि नव्याच्या नावानं खपवायचा. मिल्ट्रीवाल्याचा डबा तेवढा भोकाचा, म्हणून त्याला डाग द्यावा लागला. मिस्त्रीवर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला.

मालकाला बोलावलं. तो ड्रायव्हरला हळूच म्हणाला, "झालं गेलं इसर गड्या. उद्यापास्नं ये गाडीवर."

"मालक, चोर म्हनला ते अड्ड्यावर. आता न्हाई म्हना, तेबी तितंच."

मालक माझ्याकडं बघायला लागला. मी टोपी घातली आणि म्हणालो, "चला." अड्ड्यावर गेल्यावर मालक 'हा चोर न्हाई' असं पुटपुटला. ड्रायव्हर म्हणाला, "चोर म्हनताना आवाज पार मागल्या गाडीपतूर गेलता." मग मालकाला ओरडून सांगावं लागलं. ते ऐकून ड्रायव्हरनं हात जोडले आणि तो दुसऱ्याच्या गाडीवर कामाला लागला. या मालकाकडं पुन्हा आला नाही. बरोबर केलं.

वाचकांनो, ऑइल आपल्या डोळ्यांसमोर भरून घ्या, डब्याचं बूड बघा आणि रिकामा डबा फोडूनच सोडा. काडीवर नवं ऑइल काळं दिसलं तर मिस्त्रीच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. आणि माझ्या नोकरीचं म्हणाल, तर त्यानंतर कुणीही मालक गड्याला चोर म्हणत ठाण्यात आला की माझा पहिला प्रश्न एकच असायचा. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी काय बघितलं? पुष्कळ मालक तक्रार न लिहिताच माघारी फिरायचे.