मडिवाळचा खटका

१९७५ सालानंतर सोलापुरातल्या पुष्कळ ट्रकांत ड्रायव्हरच्या हाताशी एक लाकडी दांडी दिसायची. दांडीला खाली फटका दिला की बॅटरीचा संबंध तुटायचा. ड्रायव्हर तिला 'मडिवाळचा खटका' म्हणायचे. मडिवाळ म्हणजे माझा थोरला भाऊ, बाळीवेशीतला मडिवाळप्पा वायरमन. आता तो नाही. जुने लोक भेटले की म्हणतात, "रुद्राणीबाई, काय डोकं होतं हो तुमच्या अण्णाचं!" मी मान हलवते. खरं सांगायचं तर तो खटका डोक्यातून आलेलाच नाही. तो कशातून आला ते मला माहीत आहे, कारण त्या दिवशी वही काखेत मारून मी तिथंच उभी होते.

अण्णा गर्विष्ठ होता. हे मीच सांगायला हवं. गेलेल्या माणसाबद्दल बाकीचे गोडच बोलतात. मोटारींचं वायरिंग तो घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये करायचा. बॅटरीचा नट आवळून झाला की पान्हा खांद्यावर टाकून म्हणायचा, "माझा आवळलेला नट कुणाच्या बापाला सुटायचा न्हाय." दिवसातून चार वेळा तरी म्हणायचा.

आणि तसंच झालं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यानं वायरिंग केलेला एक ट्रक कुंभारीच्या रस्त्यावर भरदुपारी पेटला. क्लीनर सिदू बॅटरीची तार उपटायला धावला. तार निघेना, आणि पान्हा शोधायला वेळ नव्हता. कुंभारीच्याच धनगराचा तो गडी, दोन लेकरांचा बाप, उघड्या हातानं ओढत राहिला. सिदू वाचला, पण त्याच्या उजव्या हाताची बोटं आत वळली ती वळलीच. आग अण्णाच्या जोडकामानं लागली की डिझेलच्या नळीनं, हे कधीच ठरलं नाही. अण्णा चार लोकांत एवढंच म्हणाला, "माझं काम पक्कं हुतं." मग त्यानं कुंभारीचा रस्ता सोडला आणि गिऱ्हाइकांनी त्याला सोडलं.

वर्षभर शेड रिकामी राहिली. निंगव्वावैनीचं माहेर मैंदर्गीचं, तिच्या भावाचं तिथं किराणा दुकान. अण्णा तिला म्हणाला, "आता येक काम आलं आन् तेबी जळालं, तर पान्हा हिरीत टाकतो आन् मैंदर्गीला साखर तोलत बसतो." अण्णा आणि तराजू! तो त्या गादीवर बसला असता तर सहा महिन्यांत वाळून गेला असता. हे वैनीलाही कळत होतं आणि मलाही.

मग काम आलं, आणि तेही कसलं! सुताचे व्यापारी चन्नवीर सावकार यांनी मुंबईच्या लिलावातून एक अमेरिकन मोटार आणली होती. लाल, लांबलचक, आठ सिलिंडरची, स्टेअरिंग डाव्या हाताला. पेट्रोल महागलं तशी ती गोदामात पडली आणि उंदरांनी तिच्या वायरी कुरतडून फस्त केल्या. गावातले बाकीचे वायरमन बॉनेट उघडून बघायचे आणि मुकाट्यानं बंद करून निघून जायचे. अडला हरी म्हणतात तशी सावकारांची गत झाली, म्हणून त्यांनी अण्णाला बोलावलं. गाडी आमच्या दारात आली ती बैलजोडी लावून. दोनशे घोड्यांचं बळ म्हणे तिच्यात, आणि ओढत होते दोन खिलार! सगळी गल्ली हसली. अण्णा हसला नाही.

सावकारांची अट एकच होती. खंडेनवमीला गाडीची पूजा करायची आणि आईला तिच्यात बसवून घरी न्यायची. त्याला अडीच महिने होते.

शाळा सुटली की मी थेट शेडमध्ये जायची. मी शाळेत बाई, अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडं. अण्णा एकेक जुनी तार सोडवायचा, कुठून निघून कुठं जाते ते सांगायचा, मी लिहायची आणि नव्या तारेला चिठ्ठी बांधायची. वहीच्या पहिल्याच पानावर त्यानं मला लिहायला लावलं होतं, "ही गाडी उलटी. मायनस बॉडीला." खाली दोन रेघा. अण्णानं वीस वर्षं हाताळलेल्या जुन्या जीपा, जुने ट्रक, जुन्या विलायती मोटारी, बहुतेकांत बॅटरीचा प्लस गाडीच्या लोखंडाला जोडायचा असे. हिच्यात नेमकं उलट. शिवाय हिच्यात बॅटरी भरायला डायनामोच्या जागी अल्टरनेटर होता. बॅटरी क्षणभर जरी उलटी लागली तर त्याच्या आतले नाजूक डायोड जळणार, आणि तसला अल्टरनेटर सोलापुरात दुसरा नव्हता.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. अण्णा तर पाणीसुद्धा फुंकत होता. जोड द्यायचा, कथलाचा डाग भरायचा, ओढून बघायचा आणि परत तोडायचा. दाराशी वाळूच्या दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. वैनी एकदा म्हणाली, "अवो, ह्यो जोड काल केला हुता की."

"काल हात कापत हुता माजा."

"आज?"

अण्णानं परत पक्कड उचलली. मी कंदील धरून उभी होते. प्रकाश त्याच्या बोटांवर पडला होता आणि बोटं आजही कापत होती.

अष्टमीच्या संध्याकाळी काम संपलं. राहिली फक्त मोटारीची बॅटरी. ती चार्जिंगला दिलेली होती, सकाळी येणार होती. अण्णानं पान्हे, पक्कड, डाग द्यायची सळई धुऊन पुसून पाटावर मांडली, विभूतीचे पट्टे ओढले. आमच्या घरची रीत कडक. खंडेनवमीला हत्यार पूजेला बसलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. दाराचा खिळा वर येऊन पाय फाडला तरी हातोडीला हात लावायचा नाही, असं आमचे अप्पा सांगायचे आणि अण्णानं ते आयुष्यभर पाळलं.

खंडेनवमीला नऊ वाजता बॅटरी आली. दहाला सावकार आले, हार-नारळ घेऊन. बरोबर त्यांची आई सुंदरम्मा. ऐंशीची म्हातारी, अंगावर नवं इरकल लुगडं. कुणाला न विचारता मागचं दार उघडवून ती सीटवर ऐसपैस बसलीसुद्धा.

अण्णा म्हणाला, "सावकार, आज चालू न्हाय जमायची. पान्हा पूजेला बसलाय. उद्या सकाळी नट आवळतो, मग चावी."

"आरं, पूजा आजची हाय. आई बसली की. हातानं अडकीव, येकडाव आवाज ऐकीव. आवळायचं उद्या."

"नट सैल ठिवून मी कदी गाडी चालू केली न्हाय."

गल्ली जमली होती. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "भ्यालाय त्यो." हळूच म्हणालं, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

अण्णाचा चेहरा बघूनच मला कळलं की आता हा थांबत नाही. त्यानं बॅटरी उचलून जागेवर ठेवली. पहिली तार बॅटरीच्या एका खांबावर हातानंच बसवली. वर्षभरानं ते हात पहिल्यासारखे चालत होते, झरझर, न थांबता, आणि मी वेडी त्या हातांकडं कौतुकानं बघत राहिले. वही माझ्या काखेत होती. त्यानं दुसरी तार दुसऱ्या खांबावर दाबली.

चर्रर झालं. निळी ठिणगी उडाली आणि अल्टरनेटरच्या तारेवरचं रबर उकळून काळा धूर निघाला. बघता बघता धूर गाडीत शिरला. आत सुंदरम्मा खोकायला लागली. सावकार "आई! आई!" म्हणून दार ओढत होते, दार लागून बसलं होतं. वैनी वाळूच्या बादलीकडं धावली. 

अण्णानं उघड्या हातानं ती तार धरली आणि ओढली. आवळलेली नव्हती, म्हणून निघाली. डब्याचं झाकण निघावं तशी निघाली. धूर ओसरला. सुंदरम्माला बाहेर काढलं, पाणी दिलं. म्हातारीला काही झालं नव्हतं. अण्णाच्या तळव्यावर मात्र टरारून फोड आला होता. तो त्याच्याकडं बघतही नव्हता. हातातल्या त्या तारेकडं बघत होता.

सावकार घाम पुसत जवळ आले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "मडिवाळप्पा, माजंच चुकलं बग. खंडेनवमीला तुला काम कराय लावलं. देवानं हिसका दावला."

गर्दीनंही माना हलवल्या. व्हय, देवाचंच. आयुधपूजेला काम केलं की असंच होतं. मला तर हायसं वाटलं! मी मनातल्या मनात म्हणत होते, देवानं दार उघडलंय अण्णा, गप बस, तोंड उघडू नकोस. पहिलं पान मला तोवर आठवलं होतं. वही मी पदराखाली लपवली.

"देव न्हाय, सावकार," अण्णा म्हणाला. "मी चुकलो. उलटी जोडली. हिच्या वहीत पैल्या पानावर लिवलंय, मीच सांगिटलंय. हात जुन्या सवयीनं गेला."

"आरं पण..."

"ऐका. आज पान्हा लावला न्हाय म्हनून तार निघाली. मी आवळली असती तर निघाली नसती. तुमची आई आत हुती." त्यानं हातातली तार वर धरली. "सिदूला निघाली न्हाय. लई वडली त्यानं. निघाली न्हाय."

 सावकारांचा चेहरा लाल झाला. देवाला माफ करता येतं, वायरमनला नाही. "दसरा हू दे," ते म्हणाले. "चार रोजांनी बैल लावून देतो. गाडी घिऊन जातो, आन् तुजं तोंड परत बगायचं न्हाय मला." आईला टांग्यात बसवून ते गेले.

मी अण्णावर तुटून पडले. "कोणी विचारलं होतं तुला? सावकार स्वतः अंगावर घेत होते! आता जा मैंदर्गीला, तोल साखर!"

"ब्याड, रुद्री," तो म्हणाला. भांडण नको असलं की तो असं कानडीत 'नको' म्हणायचा. हाताला फडकं गुंडाळून त्यानं सायकल काढली आणि दीड वर्षात पहिल्यांदा कुंभारीच्या रस्त्याला लागला.

तिथं काय झालं ते त्यानं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. सिदूची बायको मायाक्का त्याला बघून आत निघून गेली, पाणीसुद्धा विचारलं नाही. अण्णा सिदूला म्हणाला, "आग माज्या कामानं लागली का ते मला ठाऊक न्हाय, पन तार माज्यामुळं निघाली न्हाय." सिदू मेंढरांकडं बघत म्हणाला, "येवडं सांगाया दीड वरीस लागलं व्हय, मिस्त्री?"

 अण्णानं सिदूचा वाकडा हात हातात घेतला आणि फडक्याच्या चिंधीनं त्याचं माप घेतलं.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरली आणि तो कामाला लागला. जळका अल्टरनेटर काढून भंगारातल्या जीपचा डायनामो बसवला. तो बसावा म्हणून लेथवाल्याकडून लोखंडी पट्टी कापून आणली. पितळेची पात घासून बॅटरीच्या तारेत एक खटका केला आणि त्याला पुढच्या सीटच्या मधोमध दांडी लावली ती मागाच्या जुन्या धोट्याची. दांडी लांब, रुंद, गुळगुळीत. "एवढी मोठी कशाला?" मी विचारलं. "मूठ वळत न्हाय त्यालाबी जमाय पायजे," तो म्हणाला. या वेळी मी वही उघडून समोर धरली आणि तार लावण्याआधी पहिलं पान मोठ्यानं वाचलं. अण्णानं, शाळेतल्या मुलासारखं, ते माझ्यामागून म्हटलं.

चौथ्या दिवशी सावकार बैल घेऊन आले. सिदूही आला होता, शेडच्या खांबाला टेकून उभा. अण्णा सावकारांना म्हणाला, "बैल जुपा, मी आडवत न्हाय. फकस्त येकडाव बगा."

त्यानं मोठे दिवे लावले. मग सिदूला बोलावलं. सिदू पुढं आला, वाकला, आणि वळलेल्या हाताच्या मनगटानं दांडीवर फटका मारला. दिवे गेले. त्यानं दांडी वर केली, दिवे आले. परत मारली, परत गेले. ओठ दाबून तो मारतच राहिला, आणि प्रत्येक फटक्याला अण्णाचे खांदे आखडत होते. सावकार आधी घाईत होते, मग तेही पुढं सरकून बघायला लागले.

शेवटी सिदूनं दांडी वर ठेवली. अण्णा डावीकडं स्टेअरिंगला बसला, चावीला हात लावला, आणि हात तिथंच थांबला. चावी फिरेना.  वैनीनं तोंडाला पदर लावला. बैल शेपट्या हलवत उभे होते.

सिदू गाडीला वळसा घालून आला, पलीकडचं दार उघडून अण्णाच्या शेजारी बसला. मधल्या दांडीवर त्यानं आपलं मनगट ठेवलं.

"फिरीव, मिस्त्री," तो म्हणाला. "मी बसलोय हितं."

अण्णानं चावी फिरवली.