म्हशीची शेपटी आणि बावीस प्रेक्षक

मी दोन वर्षं एका म्हशीची शेपटी हलवली. चक्क पगार घेऊन!

ज्या स्टुडिओची कार्टूनं लहानपणी धारगळ गावातल्या घरी टीव्हीला नाक लावून पाहिली, तिथेच मला चित्रं हलवायची नोकरी लागली. हैदराबादेत. तिथे सगळे कानांत हेडफोन घालून बसतात. माझ्याशी रोज न चुकता बोलायची ती फक्त लिफ्ट. ("दरवाजा बंद होत आहे." मी "बरं" म्हणायचे.)

आमचा कार्टून-सिनेमा लागला तेव्हा फोनवर म्हटलं, "आई, त्यात मी आहे." म्हणजे शेवटच्या यादीत माझं नाव आहे! आईने गावभर सांगितलं, चेडू (म्हणजे तिची पोर, मी) सिनेमात आलां. मी सुट्टीवर पोचले तर बाबांनी टेम्पोच ठरवलेला. बावीस माणसं म्हापशाला, दुपारच्या खेळाला!

पडद्यावर राणी आली. "ह्यां आमचां चेडू!" मावशी ओरडली.

"नाय गे मावशी!"

हडळ आली. "मगे ह्यां? नाक तुजांच!"

"मी म्हशीची शेपटी केली!" शेवटी मीच ओरडले. अख्खं थिएटर वळलं.

"दोन वर्सां नुसती शेपटी?" बाबा खचले.

सिनेमा संपला, टेम्पोवाल्याने हॉर्न दिला आणि सगळे पळाले. मी बसून राहिले. शेकडो नावं सरकत होती. माझं आलं आणि गेलंही. "बघितलंस?" मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीला विचारलं.

बाहेर येते तर टेम्पो गायब! परतीच्या वाटेवर, कोलवाळच्या पुलावर म्हणे मावशीला आठवलं, "सिनेमातलां चेडू खंय?"

तासाभराने बाबांनी स्कूटरवरून आईला आणून सोडलं. मी पायरीवर डोळे पुसत होते.

"चल, तुजां नाव दाखव माका."

"आई, त्यासाठी अख्खा सिनेमा परत बघावा लागेल!"

"मगे बघया."

पुन्हा तिकिटं काढली. आई माझा हात धरून बसली. तो हात उबदार होता, एवढंच मला आठवतं. दिवे लागले तेव्हा तीच रडत होती.

"वाचलां गे! तुजां नि बाबांचां, दोगांचांय नाव!"

"अगं, मला उठवायचं ना!"

"उठवलंय. 'पाच मिन्टां' म्हटलंस नि परत घोरूक लागलंस. फुडल्या रांगेतली माणसां वळान वळान बघी होती!"

सिनेमात मी कुणालाच दिसले नाही. थिएटरात मात्र शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले.