गंगाक्कांच्या पाठीवरचा पाय

मी लिहावं की नाही, हेच ठरत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचा सराव नाही. शिवाय गंगाक्कांबद्दल मी कोणत्या तोंडानं लिहू? वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

हळ्ळीखेडला त्या आमच्या शेजारी राहत. गल्लीतली सर्वांत उंच बाई. पाडव्याचं तोरण त्या जमिनीवर उभ्या राहून बांधत. मी जन्मताना पायांकडून आलो, म्हणजे पायाळू. पायाळूनं पाठीवर पाय दिला की उसण उतरते, अशी आमच्याकडे समजूत. पाठ धरली की अक्का ओसरीवर पालथ्या पडून मला हाक मारत. मी भिंत धरून त्यांच्या पाठीवर उभा राही, मग त्यांच्या पाया पडे. त्या हातावर गुळाचा खडा ठेवत आणि म्हणत, "तुझा पाय हलका हाय, लेकरा."

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या काही वर्षांत त्या वाकत गेल्या. तोरणाला आधी पाट लागला, मग स्टूल. गल्ली हसली तेव्हा म्हणाल्या, "मी हाय तितकीच हाय. चौकटच वर सरकायलीय."

मी हैदराबादला शिकायला गेलो. तिथं एका डॉक्टरांना त्यांच्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, पाळी थांबल्यावर काही बायकांची हाडं वाळवी लागलेल्या वाशासारखी होतात, बाहेरून धड, आतून पोकळ. न पडताही मणके चेपतात, उंची घटते. एक्स-रे काढला की कळेल. दूध, कॅल्शियम, थोडं चालणं आणि काही औषधं देता येतात. ओझं उचलायचं नाही, पाठीवर भार तर मुळीच नको. कोणी पाठ तुडवत नाही ना, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

सुट्टीत गावी गेलो आणि अक्कांना पाठीचा एक्स-रे फोटो काढायला हैदराबादला चला म्हणालो. ज्वारीची रास झाल्यावर येते, म्हणाल्या. मग ओसरीवर पालथ्या पडल्या. मी जागचा हललो नाही. मोठ्या माणसाला पाय लावणं आता बरं दिसत नाही, असं काहीतरी पुटपुटलो. त्या मान वळवून बघत राहिल्या.

"कामून रे? साहेब झालास, आता म्हातारीची लाज वाटायलीय व्हय?"

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण इतकी वर्षं मीच त्यांची पाठ मोडत आलो, हे तोंडातून निघेना. लाज वाटते असंच त्यांना समजू दिलं. त्या दिवशी गूळ मिळाला नाही.

पेरणीच्या दिवसांत अण्णांचं, माझ्या वडिलांचं, कार्ड आलं. गंगाक्कांना पुन्हा उसण भरली. तू नव्हतास, म्हणून मैलूरहून एक पायाळू हमाल बोलावला. त्यानं पाय दिल्यापासून त्या उठल्याच नाहीत. परवा गेल्या.

खाली उरलेल्या जागेत अण्णांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: शेवटपर्यंत म्हणत होत्या, पोराचा पाय हलका होता, त्याला बोलवा.