हातात लड, दाराला कडी

गल्लीत तिला सगळे लोकरवाली म्हणत. मागच्या खोलीत विणकामाचं मशीन, भिंतभर लोकरीचे गुंडे आणि उजेडाला एक खिडकी, एवढं तिचं राज्य. नवऱ्याचं किल्ल्यांचं दुकान. जगाची कुलपं उघडणाऱ्या या माणसाला स्वतःच्या तोंडाला कुलूप घालता येत नाही, असं ती शेजारणींना सांगे. तो सांगे, बायकोच्या जिभेला बसेल असं कुलूप अजून बाजारात यायचंय. संसार मजबूत होता, पण गोड होता असं कोणी म्हणू नये.

हिवाळ्यात बाजार आठवडाभर बंद असे. त्या सुट्टीचे दोघांचे रिवाज ठरलेले. आधी खिडकीत दिव्यांची माळ लावायची आणि ती गुंतवून कोणी ठेवली यावरून भांडायचं. मग ट्रंकेतल्या रजया काढून उन्हात घालायच्या. शेवटच्या संध्याकाळी थोरल्या नणंदेला जेवायला बोलवायचं. आणि या सगळ्याच्या मध्ये तो स्वेटर.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने आईने दिलेल्या राखाडी लोकरीचा नवऱ्याला स्वेटर विणला होता. दर सुट्टीत ती तोच उसवी, लोकर धुई, विरली असेल तिथे नवी जोडी आणि वेगळी वीण घालून जेवणाच्या संध्याकाळपर्यंत पुरा करी. त्यासाठी धुतलेली लड नवऱ्याने दोन्ही हातांवर ताणून धरायची आणि तिने समोर बसून गुंडा करायचा. तेवढा वेळ त्याला उठता येत नसे. वर्षभराचं साचलेलं ती त्याच बैठकीत बोलून घेई. मागच्या खोलीची खिडकी तिने अशीच पदरात पाडून घेतली होती, मशीनही. तो म्हणे, तुझ्या कोर्टात आरोपीचे हात आधीच बांधलेले.

यंदा मात्र तो न बोलावताच हात पुढे करून बसला. देव दयाळू आहे यावर तिची श्रद्धा होती, पण तो या माणसाला एका रात्रीत एवढी सुबुद्धी देईल असं तिला वाटेना. ती गुंडाळत राहिली.

लड निम्मी झाली तेव्हा तो बोलला. ताईचं सुनेशी अजिबात पटत नाही. या वयात तिने जायचं कुठे? मागची खोली तशी मोठी आहे. मशीन काय, पुढच्या खोलीत कोपऱ्यात बसेल.

पुढच्या खोलीला मोकळा कोपराच नव्हता. एकीकडे पलंग, दुसरीकडे त्याची अवजारांची पेटी. मशीन तिथे नुसतं उभं राहिलं असतं, चाललं नसतं. मशीन बंद म्हणजे गिऱ्हाईक बंद, आणि गिऱ्हाईक बंद म्हणजे भाजीच्या पैशांसाठीसुद्धा याच्यापुढे हात पसरणं. तिने एवढंच विचारलं, "वन्संना सांगितलंत का तुम्ही?"

"बघू," तो म्हणाला.

बघू म्हणजे बघून झालेलं असतं, हे तिला पाठ होतं.

तेवढ्यात नणंद आलीच. हातात मोजपट्टी. ती थेट मागच्या खोलीच्या दाराशी गेली, पदराच्या गाठीतून चकचकीत नवी किल्ली काढली आणि दारातच बसवलेलं कुलूप उघडलं. आजवर त्या कुलपाला किल्ली एकच होती, लोकरवालीच्या कमरेची.

"याने सांगितलं, तुझी काही हरकत नाही म्हणून," नणंद म्हणाली आणि कपाट कुठे बसवायचं ते भावाला विचारायला वळली.

लोकरवाली उठली. गुंडा हातातच होता. नणंदेच्या बाजूने वाट काढत ती खोलीत शिरली, दार लावलं आणि आतून कडी घातली. कुलूपवाल्याच्या घरात कडी ती एकच. तिने ती सुताराकडून बसवून घेतली तेव्हा नवरा हसला होता. माझ्या कुलपावर भरवसा नाही का, म्हणाला होता.

नणंदेने किल्ली उलटसुलट फिरवली. कुलूप हललं, दार हललं नाही. दाराखालून राखाडी धागा मात्र सरकत होता. लोकरवाली आत स्टुलावर बसून गुंडाळतच होती आणि बाहेर त्याचे हात सवयीने डावे-उजवे डोलत होते.

"टाक की ते," नणंद खेकसली.

"गुंता होईल," तो म्हणाला.

आतून आवाज आला. "किल्ली दाराखालून सरकवा. नाहीतर धागा तोडते. मग यंदा स्वेटर नाही आणि पुढेही नाही."

धागा ताठ झाला. आता त्याने हात हलवले नाहीत तर तो तुटणार होता. दुकानात बसून गिऱ्हाइकांना त्याने दर वर्षी याच स्वेटरची वीण मिरवून दाखवली होती. बायकोचं कौतुक करायची त्याला तेवढी एकच रीत येत होती, आणि तीही तिच्या माघारी. त्याचे हात थोडे थांबले. मग पुन्हा डोलू लागले.

"ताई, किल्ली दे तिला."

बायकोने तुला लोकरीने बांधून ठेवलंय, असं नणंद म्हणाली. आणखीही बरंच म्हणाली. पण किल्ली दाराखालून आत आली. लोकरवालीने ती उचलली आणि डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. गुंडा पुरा होईपर्यंत मात्र कडी काढली नाही.

शेवटच्या संध्याकाळी नणंद रिवाजाप्रमाणे जेवायला आली. वहिनीशी एक अक्षर बोलली नाही, पण प्रत्येक पदार्थ दोनदा वाढून घेतला. नवऱ्याने नवा स्वेटर डोक्यावरून घातला. मान बाहेर यायला जरा वेळ लागला.

"गळा घट्ट झालाय," तो म्हणाला.

"असू दे."

"धुतल्यावर सैल होईल ना?"

"पुढच्या सुट्टीपर्यंत तरी नाही," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात भात वाढला.