दोनाचा एक

मी निघाले त्या दुपारी बाबा पहिली पाळी संपवून कंपनीच्या निळ्या शर्टातच घरी आले होते. विमानतळावर नेणारी गाडी सातपूरच्या आमच्या गल्लीत उभी होती आणि प्रशांत, माझा नवरा, डिकीत बॅगा कोंबत होता. आई शेजारणींच्या घोळक्यातून पुन्हा पुन्हा माझ्याजवळ यायची, परत जायची. बाबांनी माझ्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, हाताचं ग्रीस त्यांना दिसलं आणि त्यांनी तो खाली घेतला. "जयभीम, बेटा," म्हणाले. "पोचलीस की फोन कर. झोपलो असलो तरी कर."

तो डोक्यावर न टेकलेला हात घेऊन मी टोरांटोला आले.

नाशिकला मी शाळेत शिकवायचे. इथे माझी शिक्षिकेची प्रमाणपत्रं कुणी विचारात घेतली नाहीत. वर्षभर एका गोदामात खोकी चिकटवली आणि मग मोबाइल ॲप बनवायच्या वर्गात नाव घातलं. पहिलाच गृहपाठ होता टीप काढणारं ॲप. बिल किती, टीप किती टक्के, माणसं किती, या तीन चौकटी भरल्या की प्रत्येकाच्या वाट्याला किती ते खाली दिसणार. इथे जेवण झालं की टीप द्यावीच लागते, हे बाबांना सांगितलं तेव्हा ते फोनवर खो खो हसले. "म्हणजे जेवणाचे वेगळे आणि वाढल्याचे वेगळे? मग तुझ्या आईचं माझ्याकडे लय निघतंय!"

बाबा तोवर निवृत्त झाले होते. दिवसभर काय करायचं, हा त्यांच्यापुढे प्रश्नच होता. मी ॲपची फाईल त्यांच्या फोनवर पाठवली आणि त्यांना कामच मिळालं. नाशिकला संध्याकाळचा चहा झाला की ते ॲप उघडून बसायचे. तेव्हा इथे सकाळ असायची. मशीन तपासावं तसं ते प्रत्येक बटण दाबून बघायचे आणि मला आवाजी निरोप पाठवायचे. शेवटचा निरोप माझ्याकडे अजून आहे. "माणसांचा आकडा खोडला ना, की तुझं ॲप बंद पडतं. नवा आकडा लिहूच देत नाही. बघ जरा."

ते बघायच्या आत बाबा गेले. चहाचा कप ठेवला आणि खुर्चीतच गेले. माझा पासपोर्ट तेव्हा व्हिसाच्या कामात अडकला होता. त्यांना नेताना मी फोनच्या पडद्यावर पाहिलं. कुणीतरी फोन उंच धरला होता, त्याचा हात हलत होता, आणि मला बराच वेळ नुसतं आभाळच दिसत राहिलं.

पुढे कित्येक महिने मी ते ॲप उघडलं नाही. मग एका सकाळी वर्गाच्या कामासाठी लॅपटॉप लावला. ॲप कुठल्याही फोनवर बंद पडलं की त्याची सूचना तिथल्या एका पानावर यायची. त्या पानावर नवी सूचना आली होती. कुठे बंद पडलं? बाबांच्या फोनवर. केव्हा? नुकतंच, तिथल्या चहाच्या वेळी. कारण तेच. माणसांचा आकडा खोडला गेला होता.

लगेच आईला फोन करायला हवा होता. मी केला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा सूचना आली. तिसऱ्या दिवशीही. प्रशांतलासुद्धा मी काही बोलले नाही. तो कामाला गेला की चहा घेऊन त्या पानासमोर बसायचे. सूचना आली की बरं वाटायचं. बाबा आत्ता खुर्चीत बसलेत, बोटानं आकडा खोडताहेत, असं अगदी डोळ्यांपुढे यायचं. खरं काय ते मला कळत नव्हतं असं नाही. मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

एक दिवस सूचना आलीच नाही. दुपारपर्यंत वाट पाहिली. फोन लावला.

"अगं, हरसूलला गेल्ते मामाकडं," आई म्हणाली. "ह्यांचा फोन घरीच राहिला. का गं?"

"आई, बाबांच्या फोनमधलं ते ॲप तू उघडतेस का?"

"रोज उघडते. ह्यांनी त्यात माणसं दोन लिहून ठेवलीत. मी म्हणते, आता एकच हाय. दोन खोडायला जाते तर ते बंदच पडतं. उघडलं की पुन्हा दोन. रोज करते, नाय होत."

मी म्हणाले, "राहू दे की दोन. कशाला खोडतेस?"

"सगळी येऊन सांगतात, ते कुठं गेले नाय, इथंच हायेत. मला नाय सोसत ते. रात्री भांडी घासताना मी एकच ताट घासते ना. मला माहिती हाय किती माणसं हायेत ते. तू ते नीट करून दे."

दुरुस्ती अगदी लहान होती. चौकट रिकामी दिसली तर बंद पडू नको, पुढचा आकडा येईपर्यंत थांब, एवढंच ॲपला सांगायचं होतं. तेवढ्याला मी आठवडा लावला. ही फाईल गेली की सूचना थांबणार होत्या. शेवटी पाठवली. शेजारच्या वैशालीनं ती बाबांच्या फोनवर चढवून दिली.

काही दिवसांनी आईचाच फोन आला. पंचवटीत भाजी घ्यायला गेली होती आणि तशीच एका हॉटेलात शिरली होती. "मिसळ खाल्ली. एकटीनं. जन्मात पहिल्यांदा. टेबलावर बसले तर लाजच वाटत होती, मग नाय वाटली."

"टीप ठेवलीस का?"

"ठेवली की! तुझ्या ॲपला विचारून. माणूस एक लिहिलं, पटकन घेतलं त्यानं."

ती हसत होती. मी तोंडावर हात दाबून ऐकत होते.

जे मागे राहिले त्यांना वाटतं, परदेशी गेलेल्यांना घराचा विसर पडला. आणि माझ्यासारखे जे गेले, त्यांना वाटतं की घर आपण सोडलं तसंच तिथे थांबून आहे. माझं घर थांबलं नाही. तिथे आता एक बाई राहते, ती एकटी हॉटेलात जाते, आणि तिची मला नव्यानं ओळख होते आहे. बाबा मात्र तिथून उठून इकडे आलेत. आई त्यांना जाऊ देऊ शकली, ते मला अजून जमलेलं नाही.

रोज सकाळी मी ते पान उघडते. ते कोरं असतं. या धंद्यात कोरं पान म्हणजे सगळं ठीक चाललंय. तरी चहा गार होईपर्यंत मी तिथे बसून राहते.